डॉक्टर, हे खरंच लागतं का?

मागच्या अंकात मी या पानावर एका आजींच्या गुडघ्याविषयी लिहिलं होतं. आजींना जिना चढताना दुखायचं, बाकी त्या रोज बाजारहाट करत होत्या, आणि त्यांना दोन्ही गुडघे बदलायला सांगितलं होतं. मी लिहिलं, आधी मांडीचे व्यायाम करा, वजन थोडं उतरवा, तीन महिने वाट पाहा. त्यावर पत्रांचा ढीग आला. कुणी कंबरेविषयी लिहिलंय, कुणी गर्भाच्या पिशवीविषयी, कुणी हृदयाविषयी, पण विचारलंय सगळ्यांनी एकच: हे खरंच लागतं का? म्हणून या वेळचं सगळं पान त्या एकाच प्रश्नाला दिलं आहे.

नव्या वाचकांसाठी सांगते. मी नागपूरच्या महाल भागात ३४ वर्षं दवाखाना चालवला. नंतर ६ वर्षं विम्याचे दावे तपासणाऱ्या एका कंपनीत हॉस्पिटलच्या फायली वाचल्या. आधी मी चिठ्ठ्या लिहीत होते, मग तशाच चिठ्ठ्यांची बिलं माझ्या टेबलावर येऊ लागली. पुढची उत्तरं या दोन्ही अनुभवांतून दिली आहेत.

प्रश्न : माझे मिस्टर एसटीत चालक आहेत, वय ४६. तीन आठवड्यांपासून कंबर धरली आहे, कधी कधी कळ डाव्या मांडीत उतरते. एका मोठ्या दवाखान्यात दाखवलं. पहिल्याच दिवशी एमआरआय काढला, त्यात ‘एल-४, एल-५ डिस्क बल्ज’ आलं. आठ दिवसांत ऑपरेशन करा, नाहीतर पाय लुळा पडेल, असं सांगितलं. खर्च १ लाख ८० हजार. पायात ताकद आहे, लघवी-संडास व्यवस्थित आहे. मंगळसूत्र गहाण ठेवायचं ठरवलं आहे. काय करू? (एक वाचक भगिनी, दिघोरी)

ताई, मंगळसूत्र आत्ताच गहाण ठेवू नका. मी तुमच्या मिस्टरांना तपासलेलं नाही, म्हणून पहिल्यांदा धोक्याच्या खुणा सांगते. लघवी किंवा संडासवरचा ताबा सुटणं, बसायच्या जागेभोवती बधिरपणा येणं, पाऊल उचलता न येणं किंवा चप्पल आपोआप निसटणं, कंबरदुखीबरोबर ताप, कारण नसताना वजन घटणं, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, पूर्वी कॅन्सर झालेला असणं. यातलं एक जरी असेल तर एक दिवसही थांबू नका. लघवी अडली किंवा बधिरपणा आला तर रात्री दोन वाजताही मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, कॅज्युअल्टीत न्या.

तुमच्या पत्रात यातलं काही दिसत नाही. तसं असेल तर बहुतेक कंबरदुखी सहा आठवड्यांत ओसरते. त्याआधी एमआरआय काढायची गरज नसते, हे जगभरच्या हाडांच्या आणि मणक्याच्या डॉक्टरांना ठाऊक आहे. राहिला प्रश्न रिपोर्टमधल्या ‘बल्ज’चा, म्हणजे मणक्यांमधली गादी थोडी बाहेर फुगल्याचा. २०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. ज्यांची कंबर अजिबात दुखत नव्हती अशा ३,११० लोकांचे स्कॅन त्यात पाहिले होते. विशीतल्या ३० टक्के लोकांत बल्ज होता, चाळिशीतल्या ५० टक्क्यांत, पन्नाशीतल्या ६० टक्क्यांत आणि ऐंशीच्या घरातल्या ८४ टक्क्यांत. तुमच्या मिस्टरांच्या वयाची न दुखणारी शंभर माणसं आणली तरी निम्म्यांच्या रिपोर्टात हाच शब्द येईल. केस पिकतात तसा मणकाही पिकतो. म्हणून नुसता रिपोर्ट पाहून ऑपरेशन ठरत नाही. पाय तपासून, ताकद पाहून, आणि औषध-व्यायामाला पुरता वेळ देऊन मग ते ठरतं.

इथे मला माझी एक गोष्ट सांगायची आहे. ती मी आजवर लिहिली नव्हती.

१९९४ च्या दिवाळीत एका स्कॅन सेंटरचा माणूस माझ्या दवाखान्यात आला. मिठाईचा डबा टेबलावर ठेवला आणि त्यावर पांढरं पाकीट. आत नोटा होत्या आणि एक छापील कागद: मागच्या दोन महिन्यांत मी पाठवलेल्या पेशंटांची नावं, प्रत्येकापुढे रक्कम. मी काही मागितलेलं नव्हतं. तो म्हणाला, “मॅडम, सगळेच घेतात, हे तुमच्या हक्काचं आहे.” आपल्याकडे याला कट म्हणतात. मी ते पाकीट घेतलं. दवाखान्याचं भाडं थकलं होतं, लेकाची शाळेची फी होती. पुढे सव्वा वर्ष दर दोन महिन्यांनी पाकीट येत राहिलं.

त्या सव्वा वर्षात एकाही पेशंटला मी पैशासाठी स्कॅनला पाठवलं नाही, असं मी तेव्हा शपथेवर सांगितलं असतं. मला तसंच वाटत होतं. मग एक कोष्टी समाजाचा विणकर आला, इतवारीकडचा. डोकं दुखायचं. आधीची मी असते तर चष्मा तपासायला सांगितलं असतं, आठवडाभर गोळी देऊन पाहिलं असतं. मी तिसऱ्या दिवशी सीटी स्कॅनची चिठ्ठी लिहिली. रिपोर्ट नॉर्मल आला. तो बायकोला घेऊन परत आला, दोघं माझ्या पाया पडले, की मॅडम, तुमच्यामुळे जीव भांड्यात पडला. बायकोचे हात मोकळे दिसले. मी विचारलं तर म्हणाली, “पाटल्या ठेवल्या सराफाकडे. जिवापेक्षा काय जास्त हाय, मॅडम?” त्याला चष्म्याचा नंबर होता.

त्या रात्री मी रजिस्टर काढून बसले. पाकिटाच्या आधीचं वर्ष आणि नंतरचं वर्ष, डोकेदुखीचे पेशंट एकेक करून मोजले. पेशंट जवळपास तितकेच होते, स्कॅनच्या चिठ्ठ्या दुपटीहून जास्त झाल्या होत्या. कुणाशीही मी जाणूनबुजून खोटं बोलले नव्हते. फक्त ‘थांबून पाहू’ आणि ‘काढूनच घेऊ’ यांच्यामध्ये जी रेघ असते ती माझ्या नकळत सरकली होती. पुढचं पाकीट मी परत केलं. त्या जोडप्याला मी हे कधी सांगू शकले नाही.

असं कमिशन देणं आणि घेणं दोन्ही डॉक्टरांच्या आचारसंहितेत निषिद्ध आहे. २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांत ते स्पष्ट लिहिलेलं आहे. २०१७ साली आपल्या राज्याने कट प्रॅक्टिसविरुद्ध वेगळ्या कायद्याचा मसुदाही केला होता, त्यात तुरुंगवासाची तरतूद होती. मसुदा मसुदाच राहिला.

ताई, तुम्ही एवढंच करा. एमआरआयची फिल्म आणि रिपोर्ट घ्या, आणि ज्या डॉक्टरांना हे ऑपरेशन करायचं नाही अशा डॉक्टरांना दाखवा. मेडिकल किंवा मिहानमधल्या एम्सच्या अस्थिरोग ओपीडीत जा. रांग लागेल, अर्धा दिवस जाईल. तिथे तीन गोष्टी विचारा: ऑपरेशन केलं नाही तर काय होईल, सहा आठवडे थांबलो तर काय बिघडेल, आणि कोणती खूण दिसली तर लगेच यायचं. मिस्टरांना सक्तीने झोपवून ठेवू नका, सोसेल तेवढं चालू द्या. डेपोत अर्ज करून काही आठवडे स्टेअरिंगवरून दुसऱ्या कामावर बदली मिळते का पाहा.

प्रश्न : मी कनिष्ठ महाविद्यालयात ३० वर्षं अर्थशास्त्र शिकवलं. पुरवठा वाढला की किंमत उतरते, हे फळ्यावर हजारदा काढलं. धंतोली-रामदासपेठेत आता गल्लीगल्लीत हॉस्पिटल आहे, गाडी लावायला जागा नाही. तरी बिलं उतरत का नाहीत? (एक निवृत्त प्राध्यापक, धंतोली)

सर, तुमची ती आकृती कॉटन मार्केटमध्ये बरोबर लागू पडते. मी वांगी घ्यायला जाते. किती घ्यायची ते मी ठरवते, चांगली-किडकी मला कळतात, महाग असली तर त्या दिवशी पिठलं करते. वांगीवाला मला म्हणू शकत नाही, की बाई, तुमच्या घराला आज चार किलो लागतात, नाही घेतली तर रात्रीतून काही झालं तर मी जबाबदार नाही. दवाखान्यात नेमकं तेच घडतं. काय लागतं आणि किती लागतं हे विकणारा सांगतो, घेणारा घाबरलेला असतो, आणि उपचारानंतर बरं वाटलं तरी ते उपचाराने की आपोआप हे त्याला कधीच कळत नाही. मागणी आणि पुरवठा अशा दोन रेषा तुम्ही काढायचात, इथे दोन्ही एकाच हाताने काढलेल्या असतात.

केनेथ अ‍ॅरो या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली हे मांडलं. वैद्यकीय सेवेचा बाजार इतर बाजारांसारखा चालत नाही, कारण रोग्याला आणि डॉक्टरला असलेल्या माहितीत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. त्याच्या थोडं आधी, १९५९ च्या सुमारास, मिल्टन रोमर यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या हॉस्पिटलांचे आकडे पाहून म्हटलं, की विम्याचे पैसे मिळत असतील तर जी खाट तयार होते ती भरते. पुढे याला रोमरचा नियम असंच नाव पडलं. धंतोलीत मजला चढला की तुम्हाला पुरवठा दिसतो. मला आतून दिसतं ते असं: खाटांचं कर्ज आहे, अँजिओग्राफीच्या खोलीचा, कॅथलॅबचा हप्ता आहे, महिन्याला इतके पेशंट झाले नाहीत तर बँकेचा फोन येतो. छिंदवाडा, बालाघाट, गोंदिया, यवतमाळहून माणसं इथे येतात म्हणून बऱ्याच खाटा खऱ्या आजारांनी भरतात, हेही खरं. पण जी भरत नाही तिच्यासाठी पेशंट शोधला जातो. पेशंट मिळावेत म्हणून गावोगावच्या डॉक्टरांना भेटत फिरणारा पीआरओ, म्हणजे जनसंपर्क अधिकारी, हे पगारी पद असतं. त्या पगाराचा खर्च कुठल्याही बिलावर वेगळा छापलेला नसतो.

मग किंमतच बांधून टाकली तर? फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने स्टेंटच्या, म्हणजे हृदयाची अरुंद झालेली रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या नळीच्या, किमतीवर मर्यादा आणली. औषधी लेप असलेला स्टेंट २९,६०० रुपये, साधा ७,२६०. त्याआधी लेपाच्या स्टेंटला लाख-सव्वा लाख लागायचे. हजारो घरांना त्याचा फायदा झाला आणि मी त्या निर्णयाच्या बाजूची आहे. पण ही मर्यादा ठरवणाऱ्या केंद्राच्या किंमत-प्राधिकरणाने पुढच्या वर्षी दिल्ली परिसरातल्या चार खासगी हॉस्पिटलांची बिलं तपासली, तेव्हा सिरिंज, कॅन्युला, किरकोळ साहित्य, औषधं अशा गोष्टींवर १,७३७ टक्क्यांपर्यंत नफा लावलेला सापडला. एका वस्तूची किंमत सरकार बांधू शकतं. किती वस्तू लागतील हे मात्र त्याच खोलीत ठरतं.

आपल्याकडचा सर्वांत ठळक आकडा बाळंतपणाचा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सरकारी दवाखान्यांतल्या बाळंतपणांपैकी १४.३ टक्के सिझर होते, खासगीतले ४७.४ टक्के. खासगीत जाणाऱ्या बाया वयाने थोड्या मोठ्या असतात, काही स्वतःच सिझर मागतात, मुहूर्त काढून येणारी घरंही मी पाहिली आहेत. ते सगळं वजा केलं तरी तिपटीहून जास्त फरक बाळंतिणीच्या शरीराने समजावता येत नाही. डागा या बायकांच्या सरकारी हॉस्पिटलमध्ये तर आजूबाजूच्या जिल्ह्यांतून अडलेल्या बाया पाठवतात. अवघड बाळंतपणं तिकडे जास्त, आणि सिझरचं प्रमाण खासगीत जास्त! नॉर्मल बाळंतपणाला रात्रभर जागावं लागतं, मिळतात कमी. सिझर तासाभरात होतं, मिळतात जास्त, आणि खोलीचे दिवसही वाढतात. सर, या खेळात लबाड माणूस नसला तरी काटा एकाच बाजूला झुकतो.

प्रश्न : आम्हा दोघांच्या मेडिक्लेमचा हप्ता तीन वर्षांत दुपटीला आला. एकदाही क्लेम केला नाही. आमचा काय दोष? (ज्येष्ठ नागरिक, प्रताप नगर)

काका, दोष काहीच नाही. दुसऱ्याचं बिल तुमच्या हप्त्यातून जातं.

मी फायली तपासायचे तेव्हा ऑगस्ट ते ऑक्टोबर हा डेंग्यूचा हंगाम असायचा. एकाच आठवड्यातले दोन पेशंट सांगते. दोघंही तिशीतले, दोघांच्या प्लेटलेट एक लाखाच्या वर, ताप उतरलेला, उलटी नाही, पोटात दुखत नाही, पाणी नीट पीत होते. एक जण पानठेलेवाला. त्याची फाईल माझ्याकडे आली नाही, कारण त्याच्याकडे विमा नव्हता. तो माझ्या जुन्या पेशंटांपैकी, म्हणून त्याची हकिगत कळली. त्याला ओआरएस लिहून दिलं आणि रोज रक्त तपासायला बोलावलं. दुसरा खासगी कंपनीतला. तो पाच दिवस भरती, त्यात दोन दिवस आयसीयू, रोज दोनदा रक्त, वरून सोनोग्राफी. दोघंही बरे झाले. काउंटरवर पहिला प्रश्न ‘मेडिक्लेम आहे का?’ असा येतो तेव्हा पुढच्या पाच दिवसांचं बरंचसं तिथेच ठरतं.

यात आपलाही हात आहे, ते लपवू नये. बहुतेक पॉलिसींत २४ तास भरती झाल्याशिवाय पैसे मिळत नाहीत. मग नातेवाईकच डॉक्टरला म्हणतात, “एक रात्र ठेवून घ्या ना, तपासण्या क्लेममध्ये निघतील.” अशा रात्री मी शेकड्यांनी वाचल्या आहेत.

तुमच्या हातात एक गोष्ट आहे. जानेवारी २०२५ पासून विमा नियामकाने सांगितलंय, की ६० वर्षांवरच्यांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर कंपनीने आधी नियामकाशी बोललं पाहिजे. या वर्षीची नोटीस आणि मागच्या वर्षीची पावती शेजारी ठेवून हिशेब करा. वाढ जास्त असेल तर कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी पत्र द्या, पोच घ्या.

प्रश्न : मी काटोलकडची, स्वयंपाकाची कामं करते, वय ३४, दोन मुलं. पत्र मुलगी लिहून देत आहे. अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते. डॉक्टरांनी सोनोग्राफी करून सांगितलं पिशवी खराब झाली, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. सासू म्हणते आता मुलं झाली, पिशवीचं काय काम. (एक वाचक)

बाई, आधी तुमच्या मुलीला शाबासकी. इतकं नीट पत्र लिहिलं तिने.

पांढरं जाणं म्हणजे पिशवी खराब होणं नव्हे. बहुतेक वेळा ते जंतुसंसर्गाचं असतं आणि आठवडाभराच्या गोळ्यांनी जातं, नवऱ्यालाही औषध घ्यावं लागू शकतं. काही वेळा तर ते आजारच नसतो, पाळीच्या चक्रात तसं होतंच. कंबरदुखी दिवसभर ओट्यापाशी उभं राहून, रक्त कमी असूनही होते. ‘कॅन्सर होईल’ हे सोनोग्राफीवरून सांगता येत नाही. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी वेगळी तपासणी असते, पॅप स्मिअर किंवा व्हिनेगरसारखं औषध लावून पाहतात ती. दहा मिनिटं लागतात, भूल लागत नाही. डागामध्ये किंवा मेडिकलच्या स्त्रीरोग ओपीडीत ती करून घ्या. पाळीशिवाय रक्त जात असेल, संबंधानंतर रक्त जात असेल किंवा पाण्याला घाण वास असेल, तर ही तपासणी याच आठवड्यात करा.

आता सासूबाईंच्या म्हणण्याचं. मुलं झाल्यावर पिशवीचं काम संपलं असं आपल्याकडच्या किती बायांना सांगितलं गेलंय! २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांचा प्रश्न विधिमंडळात आला तेव्हा तीन वर्षांत ४,६०५ बायांच्या पिशव्या काढल्याचा आकडा दिला गेला. पाळीत खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, म्हणून बाया तयार होत होत्या, आणि कॅन्सरची भीती घालणारं कुणीतरी समोर बसलेलं होतं. पिशवीबरोबर अंडाशयही काढले तर पाळी जाण्याचं वय एका दिवसात येतं. चौतिसाव्या वर्षी अंगाची आग, झोप जाणं, हाडं ठिसूळ होणं सुरू होतं. अंडाशय ठेवले तरी त्यांचं काम पुष्कळदा लवकर मंदावतं. पन्नास घरच्या पोळ्या लाटणाऱ्या हातांना हाडं लागतात, बाई.

आणि सोनोग्राफीसाठी किंवा दुर्बिणीने तपासण्यासाठी अंगठा दिला म्हणजे पिशवी काढायला संमती दिली असं होत नाही. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. तपासणीची संमती वेगळी, ऑपरेशनची वेगळी. कुठल्याही कागदावर सही करण्याआधी मुलीला तो मोठ्याने वाचायला सांगा.

प्रश्न : मॅडम, मी ३३ वर्षांचा सर्जन आहे. तुमच्या लेखांमुळे पेशंट आमच्याकडे चोर म्हणून पाहतात. एक तपासणी राहून गेली तर नातेवाईक काच फोडतात, ग्राहक आयोगात जातात. वर कर्जाचा डोंगर. तुमच्या पिढीने कट सुरू केला, शिक्षा आम्हाला का? (एक डॉक्टर, मनीष नगर)

डॉक्टर, तुमचा राग मला मान्य आहे, शेवटच्या वाक्यासकट. आमच्या पिढीने ते केलं. माझ्या पाकिटाची हकिगत वर लिहिली ती तुमचं पत्र वाचल्यावरच.

तुम्ही चोर आहात असं मी मानत नाही. तुमच्यासाठीच एक जुना प्रयोग सांगते. न्यूयॉर्कमध्ये १,००० शाळकरी मुलं पाहिली, १९३४ साली ते प्रसिद्ध झालं. ६११ मुलांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेली ३८९ शाळेच्या डॉक्टरांना दाखवली, त्यांनी १७४ जणांचे काढायला सांगितले. ज्यांना ‘नको’ म्हटलं होतं ती २१५ मुलं दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवली, त्यांनी ९९ निवडली. उरलेली ११६ तिसऱ्यांकडे, त्यांनी ५१. शेवटी हजारातली ६५ मुलं उरली. शाळेतल्या त्या तपासणीत कुणाला कट नव्हता. समोर येणाऱ्या मुलांपैकी निम्म्यांना ‘लागतं’ म्हणायची सवय हाताला लागली होती. पैसा या सवयीच्या पाठीशी उभा राहिला की ती किती दूर जाते ते माझ्या रजिस्टरने मला दाखवलं.

तुम्हीही तुमचं रजिस्टर पाहा. हर्निया, पित्ताशय, अपेंडिक्स, किती जणांना ‘थांबू’ म्हणालात आणि त्यातल्या किती जणांचं खरंच बिघडलं. स्वित्झर्लंडच्या तिचिनो प्रांतात १९९३ साली असा अभ्यास झाला होता. नेहमीच्या शस्त्रक्रिया सामान्य लोकांवर जितक्या होत होत्या त्याहून बऱ्याच कमी खुद्द डॉक्टरांवर होत होत्या, अपवाद फक्त अपेंडिक्सचा. आपण स्वतःसाठी थांबतो. पेशंट तुम्हाला विचारतो ना, “तुमच्या आईला असं असतं तर काय केलं असतं?” त्या प्रश्नाला मी फार वर्षं चिडायचे.

काच फोडणाऱ्यांचं समर्थन मी कधीही करणार नाही. आणि सुई दिली नाही म्हणून उठून जाणारे, सलाईन लावा म्हणून हटून बसणारे पेशंट माझ्याही वाट्याला आले. त्यांना दहा मिनिटं समजावण्याचे पैसे कुणी देत नाही, सलाईनचे देतं. पगारावर काम करणाऱ्या मेडिकलच्या डॉक्टरांना ही ओढ नसते. तिथे उलटा त्रास आहे, गरजेचं ऑपरेशनही रांगेत महिना-महिना अडकतं. तुमच्या कर्जाचं उत्तर माझ्याकडे नाही. एवढं सुचवते, की ‘ऑपरेशन नको’ असं सांगण्याचीही फी घ्या आणि ती पाटीवर लिहा. माझ्यासारखे बरेच लोक ती आनंदाने देतील.

प्रश्न : बाबा ६८ वर्षांचे. जिना चढताना छाती भरून यायची म्हणून अँजिओग्राफी केली. ते टेबलावर असतानाच डॉक्टर बाहेर आले, ९० टक्के ब्लॉकेज आहे, आत्ताच स्टेंट टाकू का, पाच मिनिटांत सांगा. आम्ही घाबरून थांबा म्हटलं. तेव्हापासून घरात भांडण आहे. चूक केली का? दुसऱ्याला दाखवायचं तर डॉक्टर रागावतील. (एक वाचक, नंदनवन)

हार्ट अटॅक चालू असता तर चूक होती. अटॅकमध्ये मिनिटं मोजायची असतात, तिथे ताबडतोब केलेली अँजिओप्लास्टी, म्हणजे फुग्याने रक्तवाहिनी उघडून स्टेंट टाकणं, जीव वाचवते, तिथे दुसरं मत घेत बसायचं नाही. तुमच्या बाबांचं दुखणं चढताना येतं आणि बसल्यावर जातं. अशा स्थिर दुखण्यात स्टेंट विरुद्ध औषधं असे मोठे अभ्यास झाले. २००७ मध्ये २,२८७ पेशंटांवर आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला ५,१७९ पेशंटांवर. स्टेंट टाकलेल्यांचं छातीतलं दुखणं जास्त कमी झालं, मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. डाव्या मुख्य रक्तवाहिनीत मोठा अडथळा असेल किंवा हृदयाची पंपिंग क्षमता फार घटली असेल तर गोष्ट वेगळी. त्यामुळे रिपोर्टमध्ये ९० टक्क्यांच्या पुढे कोणत्या रक्तवाहिनीचं नाव आहे ते पाहा.

तुम्ही थांबलात, पण औषधं थांबवू नका. दुखणं बसल्या जागी येऊ लागलं, घाम फुटला किंवा थांबल्यावर काही मिनिटांत गेलं नाही तर थेट हॉस्पिटल गाठा.

आता रागावण्याचं. अँजिओग्राफीची सीडी आणि कागदपत्रं हा बाबांचा हक्क आहे. मागितल्यापासून ७२ तासांत द्यायची असा नियम आहे. मागताना हे वाक्य म्हणा: “डॉक्टर, आमच्या घरी सगळ्यांचं एकमत व्हावं म्हणून आणखी एकांना दाखवतो, तुमचा सल्ला आम्हाला हवाच आहे.” माझ्याकडे एक शाळामास्तर यायचे. त्यांच्या रक्तदाबाला मी दोन गोळ्या लिहिल्या होत्या. त्यांनी चिठ्ठी मागितली तेव्हा मी तोंड फिरवून बसले होते. दुसऱ्या डॉक्टरांनी एक गोळी बंद केली, आणि बरोबर केली. महिन्याभराने मास्तर पुन्हा माझ्याच बाकावर येऊन बसले, पुढे अठरा वर्षं येत राहिले.

सीडी घेऊन बाबांना जो हृदयरोगतज्ज्ञ स्वतः त्या हॉस्पिटलशी जोडलेला नाही त्याच्याकडे न्या. जाण्याआधी बाबांना विचारून एका कागदावर लिहा: किती पायऱ्यांनंतर दुखतं, किती वेळ राहतं, सध्याच्या गोळ्यांनी त्यात काही फरक पडला का. तो कागद सीडीच्या आधी डॉक्टरांच्या हातात द्या.